हेडली आला नाही, राणा आला: अमेरिकेतली 'प्ली डील' चालते तरी कशी?

आडवाटसरू | सोम, रात्री ९:१०

तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणल्यापासून एक प्रश्न इथे दर दुसऱ्या धाग्यावर अवांतर म्हणून उगवतो. २६/११ च्या हल्ल्याआधी मुंबईत फिरून ठिकाणांचं चित्रण करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेच्या तुरुंगात बसलाय. ज्याच्यावरचा मुंबईचा आरोप शिकागोच्या ज्युरीनं नाकारला, तो राणा मात्र एनआयएच्या ताब्यात. हे उलटं कसं? त्यावर कुणीतरी "अमेरिकेनं आपला खबऱ्या वाचवला" म्हणतं आणि चर्चा तिथंच बसते.

खबऱ्याची गोष्ट खोटी नाही, हेडली एकेकाळी तिथल्या अमली पदार्थ विरोधी खात्यासाठी काम करत होता. पण तो वाचला तो सही केलेल्या करारामुळे, म्हणजेच 'प्ली डील'मुळे: आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, बदल्यात सरकारनं सूट द्यायची. ३ ऑक्टोबर २००९ ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर अटक, १८ मार्च २०१० ला कोर्टात सगळ्या १२ आरोपांची कबुली. मधल्या साडेपाच महिन्यांत व्यवहार ठरला. सरकारनं दिलं ते असं: फाशी मागणार नाही, भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्ककडे प्रत्यार्पण करणार नाही. हेडलीनं दिलं ते असं: माहिती, राणाविरुद्ध साक्ष, आणि परदेशी तपासयंत्रणा व कोर्टांना अमेरिकेतच बसून जबाब. जून २०१० मध्ये एनआयएचे अधिकारी शिकागोला जाऊन त्याला भेटले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात तो व्हिडिओ कॉन्फरन्सनं माफीचा साक्षीदार म्हणून बोलला, ते याच कलमाच्या जोरावर.

जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षं झाली. राणानं कबुली दिली नाही, तो ज्युरीपुढे उभा राहिला. जून २०११ मध्ये लष्कर-ए-तैयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या वर्तमानपत्रावर हल्ल्याचा कट, या दोन्हींत दोषी, मुंबईत निर्दोष. शिक्षा १४ वर्षं.

आता मजा बघा. भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार १९९७ चा. त्यात एकाच गुन्ह्यासाठी आधी शिक्षा किंवा सुटका झाली असेल तर प्रत्यार्पण नाही. राणाचा वकील म्हणाला, माझी सुटका झालीय की! अपील कोर्टानं ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दिलं की 'गुन्हा' म्हणजे कलमाचे घटक, घडलेली कृती नव्हे. भारतातल्या कलमांचे घटक वेगळे, सबब पाठवा. हेडलीच्या करारात मात्र गुन्ह्यांसोबत त्यांच्या कक्षेत येणारी कृतीही लिहून घेतली होती. करारातले चार शब्द जास्त, एवढाच फरक.

पण हेडली हा अपवादात्मक मासा. कबुलीचा हा बाजार तिथं रोज, अगदी किरकोळ गुन्ह्यांसाठीही भरतो. जाणकारांनी लिहावं.

---

कलमदान | सोम, रात्री १०:३२

किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण हवं तर पॉल हेज. १९७३, केंटकी राज्य. ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा चेक वटवला. कलमाखाली शिक्षा २ ते १० वर्षं. सरकारी वकील म्हणाला: कबूल कर, ५ वर्षांची शिफारस करतो, खटला लढवलास तर ग्रँड ज्युरीकडे (आरोप ठेवायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) परत जाऊन तुझ्यावर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, त्यामुळे त्या कलमाखाली जन्मठेप सक्तीची होती. हेज नाही म्हणाला. जन्मठेप झाली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ अशी ती कायम केली. म्हणणं असं की आरोप करायला पुरेसा पुरावा असेल आणि आरोपी ऑफर घ्यायला किंवा नाकारायला मोकळा असेल, तर हे सूड उगवणं नव्हे, ही घासाघीस आहे.

तिथली सगळी व्यवस्था या एका निकालावर उभी आहे असं मला वाटतं. शिक्षा न्यायाधीश देतो हे कागदावर खरं. पण कुठलं कलम लावायचं हे सरकारी वकील ठरवतो, आणि कलमाला किमान शिक्षा चिकटलेली असेल तर न्यायाधीशाच्या हातात उरतं काय?

२०१२ च्या दोन निकालांत सुप्रीम कोर्टानंच आकडे दिलेत: फेडरल (केंद्राच्या) कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा कबुलीतून येतात. म्हणजे शंभरातले तीन ते सहा ज्युरी किंवा न्यायाधीशापुढच्या खटल्यातून. बाकीच्यांचा निकाल वकिलाच्या खोलीत किंवा कोर्टाच्या व्हरांड्यात लागलेला.

---

भाबडा_प्रश्न | सोम, रात्री ११:०५

म्हणजे सरकारी वकील सरळ धमकी देतो आणि कोर्ट बघत बसतं? आणि निर्दोष माणूस कशाला कबूल करेल?

---

पिंगळा | मंगळ, सकाळी ७:४८

भाबडे, निर्दोष माणूस कबूल करतो तो बहुतेक वेळा जामिनापायी. क्रम असा.

अटक झाली की बुकिंग: बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची यादी. वॉरंटशिवाय पकडलं असेल तर साधारण ४८ तासांत न्यायाधीशानं 'सकृद्दर्शनी कारण आहे' असं म्हणावं लागतं (१९९१ चा निकाल). पहिल्या हजेरीत आरोप वाचून दाखवतात, वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चानं देतात आणि जामिनाचं ठरतं. ही हजेरी कित्येक ठिकाणी काही मिनिटांत उरकते.

समजा जामीन १०,००० डॉलर. पूर्ण रक्कम कोर्टात भरली तर खटला संपल्यावर परत मिळते. नसेल तर बाँडवाल्याकडे, म्हणजे पैसे घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याकडे जायचं. तो साधारण १० टक्के घेतो, म्हणजे हजार. हे हजार त्याची फी, निर्दोष सुटलात तरी परत नाहीत. हा धंदा जगात अमेरिका आणि फिलिपीन्स सोडून जवळपास कुठंच चालत नाही. केंटकीनं तो १९७६ मध्ये बंद केला. इलिनॉयनं तर १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच काढून टाकला: एक तर सोडा, नाहीतर सुनावणी घेऊन आत ठेवण्याचं कारण द्या. बऱ्याच राज्यांत मात्र जुनंच चालू आहे.

हजारही नसतील तर माणूस काउंटी (जिल्हा) जेलमध्ये. (जेल म्हणजे कच्च्या कैद्यांची आणि छोट्या शिक्षांची जागा, प्रिझन म्हणजे पक्की शिक्षा भोगण्याची. मराठीत दोन्हींना तुरुंग म्हणून मोकळे होतो.) तीन आठवडे गेले, नोकरी सुटली, भाडं थकलं. आणि ऑफर येते: मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) कबूल कर, आत काढलेले दिवस हीच शिक्षा, आज संध्याकाळी घरी. लढायचं असेल तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, तोवर आतच. इथं दोषी-निर्दोष हा प्रश्नच मागे पडतो. घरी जायचा रस्ता कबुलीतून जातो.

न जुमानणाऱ्याचं काय होतं त्याला कलीफ ब्राउडरचं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला १६ वर्षांचा मुलगा, २०१० मध्ये पाठीवरची बॅग चोरल्याचा आरोप, जामीन ३,००० डॉलर. घरच्यांना जमला नाही. रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये जवळजवळ तीन वर्षं, त्यातली सुमारे दोन एकांतकोठडीत. कबुलीच्या ऑफर येत राहिल्या, तो नाही म्हणत राहिला. २०१३ मध्ये सरकारनं खटलाच मागे घेतला. २०१५ मध्ये त्यानं आत्महत्या केली.

---

हिशेबनीस | मंगळ, दुपारी १:२०

पिंगळा यांनी राज्यांच्या कोर्टांचं लिहिलंय, मी फेडरलचं गणित मांडतो. तिथं शिक्षेचा अक्षरशः तक्ता आहे. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या बाजूला पूर्वेतिहासाचे ६ रकाने. जिथं दोन्ही मिळतात त्या चौकटीत महिने लिहिलेले.

पूर्वीचा गुन्हा नाही (रकाना १) आणि पायरी २६ आली असं धरा: ६३ ते ७८ महिने. आता 'जबाबदारी स्वीकारली' म्हणून २ पायऱ्या कमी. पायरी १६ किंवा वर असेल आणि वेळेत कबुली देऊन सरकारचा तयारीचा खर्च वाचवला असेल तर आणखी १. पायरी २३: ४६ ते ५७ महिने. खालच्या टोकाला १७ महिन्यांचा फरक. लक्षात ठेवायची गोष्ट ही की तिसरी पायरी सरकारी वकिलानं अर्ज केला तरच मिळते.

२००५ पासून हा तक्ता बंधनकारक नाही, सल्ल्यापुरता आहे. संसदेनं कलमात घातलेली किमान शिक्षा मात्र बंधनकारकच. तिच्याखाली जायला मुख्य दरवाजा एकच: 'भरीव सहकार्य', आणि त्याचीही किल्ली सरकारी वकिलाकडे. (अमली पदार्थांत पहिल्या-छोट्या गुन्हेगारासाठी एक वेगळी फट आहे, ती इथं सोडतो.)

आपटायला होतं कसं ते पाहायचं तर वेल्डन अँजेलॉस, युटा. गांजाच्या तीन छोट्या विक्री, जवळ पिस्तूल असल्याचा आरोप. ऑफर १५ वर्षांची. नाकारल्यावर सरकारनं नवं आरोपपत्र आणून पिस्तुलाची कलमं वाढवली. तेव्हाचा नियम: पहिल्या कलमाला ५ वर्षं, पुढच्या प्रत्येकाला २५, सगळी एकापाठोपाठ. ५ + २५ + २५ = ५५. न्यायाधीश पॉल कॅसल यांनी २००४ मध्ये ही शिक्षा अन्यायकारक आहे असं निकालात लिहिलं आणि तरी दिली, कारण हात बांधलेले. अँजेलॉस २०१६ मध्ये सुटला, डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. एकाच खटल्यात ही २५ ची थप्पी रचणं २०१८ च्या कायद्यानं बंद झालं.

१५ आणि ५५ यांतली ४० वर्षं गुन्ह्याची नाहीत. खटला मागितल्याची आहेत. तिथले वकील याला 'ट्रायल पेनल्टी' म्हणतात.

---

ओसरी | मंगळ, सायं ६:१५

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेला, लहान मुलाला उलटतपासणीतून जावं लागत नाही, ही छोटी गोष्ट नाही. निकाल निश्चित, अपिलाचं शेपूट नाही. हेडलीच्या डीलमधून लष्कर-ए-तैयबाबद्दल मिळालेली माहिती खटल्यातून मिळाली असती का? आणि अलास्कानं १९७५ मध्ये ही घासाघीस बंद करून पाहिली. तिथले अॅटर्नी जनरल अॅव्रम ग्रॉस यांनी आदेशच काढला. कोर्टं कोसळतील असं भाकीत होतं, तसं झालं नाही. पण बहुतेक आरोपी ऑफर नसतानाही कबुली देतच राहिले, आणि पुढे बंदी हळूहळू विरली.

---

कलमदान | मंगळ, रात्री ९:५५

ओसरी, अलास्काचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूनं जास्त बोलतं! घासाघिशीवाचूनही कोर्टं चालतात हेच त्यातून दिसलं. पीडितेचा मुद्दा मान्य.

कबुली कोर्टात प्रत्यक्ष कशी घेतात ते लिहितो, कारण चुका तिथं होतात. फेडरल कोर्टात याला नियम ११ ची सुनावणी म्हणतात. आरोपीला शपथ देतात. न्यायाधीश विचारतो: वय किती, शिक्षण किती, गेल्या चोवीस तासांत काही औषध किंवा दारू घेतली का, वकिलाच्या कामावर समाधानी आहात का. मग एकेक हक्क मोजत जातो: ज्युरीचा, गप्प राहण्याचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा, हे सगळे आज सोडताय, कळतंय? जास्तीत जास्त शिक्षा किती, किमान किती, नागरिक नसाल तर हद्दपारी होऊ शकते, हेही सांगावं लागतं. कुणी धमकी किंवा कराराबाहेरचं आश्वासन दिलं का? शेवटी, नेमकं काय केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा.

इथं गाडी अडते. "वकील म्हणाले म्हणून कबूल करतोय" असं आरोपी म्हणाला की न्यायाधीश थांबतो. कबुलीला घटनेचा आधार लागतो. त्यावरची पळवाट १९७० च्या निकालानं दिली: 'मी केलं नाही, पण पुरावा बघता शिक्षा होणारच, म्हणून कबुली देतो'. त्या खटल्यातल्या आरोपीच्या नावावरून तिला आल्फर्ड प्ली म्हणतात. सगळी राज्यं ती घेत नाहीत.

दुसरी आणि जास्त महागात पडणारी गोष्ट म्हणजे कराराचा प्रकार. फेडरल नियमात तीन आहेत. 'अ': सरकार काही आरोप मागे घेईल. 'ब': सरकार अमुक शिक्षेची शिफारस करेल. 'क': शिक्षा हीच. 'अ' किंवा 'क' न्यायाधीशाला पटला नाही तर कबुली मागे घेता येते. 'ब' मध्ये नाही! सरकारनं ५ वर्षं सुचवली, न्यायाधीशानं ८ दिली, तरी कबुली कायम. सरकारनं आपला शब्द पाळला, संपलं. आरोपी 'ब' ला 'क' समजून सही करतो, आणि शिक्षेच्या दिवशी कोर्टात नातेवाइकांचे चेहरे पडतात.

सही करण्याआधी अपिलाचा हक्क सोडल्याचं कलम बहुतेक करारांत असतं, तेही वाचावं. झडती बेकायदा होती हा मुद्दा अपिलात न्यायचा असेल तर सशर्त कबुली लागते आणि तिला सरकार व कोर्ट दोघांची संमती लागते. बिनशर्त कबुली दिली की झडतीचा मुद्दा साधारणपणे तिथंच मेला.

---

भाबडा_प्रश्न | बुध, सकाळी ८:०२

पण कबुलीआधी सरकारला सगळे पुरावे दाखवावे लागत असतील ना? आणि सरकारी खर्चानं दिलेला वकील हे सगळं समजावून सांगतो का?

---

पिंगळा | बुध, सकाळी ९:४०

पुरावे: सगळे नाही. आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवायचा नाही हा नियम १९६३ चा. पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की साक्षीदार खोटारडा आहे हे दाखवणारी माहिती कबुलीच्या आधी देणं घटनेनं बंधनकारक नाही. म्हणजे मालाचं पोतं न उघडता भाव ठरवायचा. न्यूयॉर्कनं २०२० पासून ऑफरची मुदत संपण्याआधी पुरावे दाखवणं सक्तीचं केलं. हा तिथला फार मोठा बदल.

वकील: १९६३ च्या गिडियन निकालानं हक्क दिला, तास दिले नाहीत. १९७३ चा जुना निकष धरला तरी एका वकिलाला वर्षाला १५० फेलनी (गंभीर गुन्हे) किंवा ४०० मिसडिमीनर. वर्षाचे कामाचे २,०८० तास धरले तर एका फेलनीला १४ तासही येत नाहीत, आणि त्यातच कोर्टातलं थांबणं आलं. कित्येक काउंट्यांत भार याहूनही जास्त. वकील वाईट नसतात, बरेचसे फार चांगले असतात. दिवस लहान पडतो.

---

चौथी_खोली | बुध, दुपारी ३:१८

आपली मुलं शिकायला, नोकरीला तिकडं आहेत आणि घाईत केलेली कबुली त्यांना सर्वांत महाग पडते, म्हणून हे सविस्तर.

इमिग्रेशन कायद्यात 'शिक्षा झाली' याची व्याख्या वेगळी आहे. टेक्ससमध्ये डिफर्ड अॅडज्युडिकेशन नावाचा प्रकार आहे: कबुली द्या, न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतो, प्रोबेशन (देखरेखीची मुदत) नीट पार पडलं की केस बंद. राज्याच्या दृष्टीनं तुम्ही कधीच दोषी नव्हता. इमिग्रेशनच्या दृष्टीनं कबुली + कुठलाही निर्बंध = शिक्षा. नंतर रेकॉर्ड पुसून घेतलं तरी सहसा उपयोग होत नाही. कबुली न घेता आधीच वळवून दिलेला डायव्हर्जन कार्यक्रम मात्र या व्याख्येत बसत नाही. दोन्ही कागद वरवर सारखे दिसतात, फरक कबुलीच्या एका ओळीचा.

दुसरं, ३६५ आणि ३६४. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा सुनावली तर तो 'अॅग्रव्हेटेड फेलनी' (इमिग्रेशन कायद्यातला गंभीर गुन्ह्यांचा वर्ग) ठरतो, ग्रीन कार्ड असलं तरी हद्दपारी. शिक्षा स्थगित असली, एकही दिवस आत काढला नसला तरी वर्ष ते वर्षच धरतात. ३६४ दिवस सुनावले तर त्या व्याख्येबाहेर. म्हणूनच कॅलिफोर्नियानं २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. त्यानं दुकानातल्या उचलेगिरीसारख्या 'नैतिक अधःपतनाच्या' एकट्या गुन्ह्याची बाबही बदलते, कारण तिथं होऊ शकणारी शिक्षा मोजतात, झालेली नाही. शिवाय व्हिसावर असलेल्याला आणि ग्रीन कार्डवाल्याला लागणारे नियम एक नाहीत.

२०१० चा पडिया निकाल यासाठीच वाचावा. होसे पडिया चाळीस वर्षं कायदेशीर रहिवासी, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूनं लढलेला. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथं आहेस, हद्दपारीची चिंता नको. कबुली दिली आणि हद्दपारीची कारवाई सुरू. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कबुलीचा इमिग्रेशनवर होणारा परिणाम सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. त्यामुळे पहिल्या भेटीत वकिलाला व्हिसाचा प्रकार आणि अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख सांगायची, आणि ऑफर हातात आली की सहीआधी इमिग्रेशन वकिलाकडून ती वाचून घ्यायची. सही झाल्यावर विचारलं तर उत्तर बहुधा "उशीर झाला" असं येतं.

---

ओसरी | बुध, सायं ७:३०

चौथी_खोली, उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

आपल्याकडे कबुलीची ही घासाघीस जुलै २००६ पासून आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेत. पण जात वेगळी. सात वर्षांपर्यंतच्याच शिक्षेचे गुन्हे. स्त्रिया आणि लहान मुलांविरुद्धचे वगळून. अर्ज आरोपीनं करायचा. सूट किती ते कायद्यात लिहिलेलं. कलम बदलून देतो, आरोप वाढवतो, ही सरकारी वकिलाची ताकद त्यात नाही. त्याआधी तर सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच भेसळीच्या खटल्यात, मुरलीधर लोया, १९७६, अशा पडद्याआडच्या तडजोडीची चांगलीच खरडपट्टी काढली होती.

---

भाबडा_प्रश्न | बुध, रात्री १०:११

शेवटचा प्रश्न. हेडली सुटणार कधी? आणि सुटल्यावर तरी मिळेल का?

---

हिशेबनीस | बुध, रात्री १०:४७

फेडरलमध्ये १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल (मुदतीआधी सुटका) नाही. चांगल्या वागणुकीची सूट सुनावलेल्या शिक्षेच्या वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. ३५ × ५४ = १,८९० दिवस, म्हणजे सुमारे ५ वर्षं २ महिने. अटकेपासूनचे दिवस धरतात, म्हणून ऑक्टोबर २००९ पासून मोजायचं: ३५ वर्षं ऑक्टोबर २०४४ ला भरतात, सूट पूर्ण मिळाली तर २०३९ चा ऑगस्ट. त्याचा जन्म १९६० चा, तेव्हा ७९ वर्षांचा असेल.

प्रत्यार्पणाची बंदी शिक्षेच्या मुदतीला बांधलेली नाही, ती सुटल्यावरही राहते. बांधलेली आहे ती त्यानं करार पूर्णपणे पाळण्याला. खोटं बोलला, साक्ष द्यायला नकार दिला, तर सरकार करार मोडला म्हणून कोर्टात जाऊ शकतं. पण तो मोडला की नाही हे सांगायला पुढं यायचं अमेरिकेच्या सरकारी वकिलानं. भारताची त्या कागदावर सही नाही.